माझी फटफटी आणि माझे पाय

संस्कृत पाठशाळेंत वाढलेल्या, मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या आणि सारा जन्म गांवच्या शाळेंत मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या साठी उलटलेल्या मास्तरानें फटफटीवर लेख लिहावा, हें कित्येक वाचकांना चमत्कारिक वाटेल. लिहावयास बसतांना मलाही तसेंच वाटलें. परंतु गेल्या वर्षीं माझ्या फटफटीचे फूटरेस्ट, आणि त्यांच्याबरोबर गिअर व ब्रेक, मीं चार बोटें मागें घेवविले. ह्या चार बोटांच्या अंतरानें माझी कंबर वांचली, एकदां माझा जीव धोक्यांत आला, आणि सदतीस वर्षांच्या नोकरींत न सुचलेली एक गोष्ट मला सुचली. म्हणून ही हकीकत सांगण्याचें धाडस करीत आहें.

मी लोणी काळभोरचा रहिवासी. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें अठरा-वीस किलोमीटरांवर हें गांव आहे. पेट्रोलच्या मोठमोठ्या टाक्या, उंसाचे फड, आणि अहोरात्र धांवणारा महामार्ग, असें त्याचें आजचें रूप. येथें वाहनावांचून चालत नाहीं. नोकरींत असतांना अठ्ठावीस वर्षें मीं स्कूटर वापरली. तिचा गिअर डाव्या हाताच्या मुठींत, आणि पायांसाठीं समोर सपाट पत्रा. उजव्या पायाखालीं ब्रेक असला, कीं बाकी पाय कोठेंही ठेवावे. स्कूटर थकली आणि मीही निवृत्त झालों. त्याच सुमारास माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीस गेला. जातांना आपली फटफटी माझ्या अंगणांत लावून तो म्हणाला, “काका, विकूं नका. तुम्हीच चालवा. गाडी उभी राहिली कीं खराब होते.” पुढें कागदपत्रेंही त्यानें माझ्या नांवावर करून दिलीं.

ही फटफटी क्रूझर ह्या जातीची आहे. ह्या जातीचें माहेर अमेरिका. तिकडे रस्ते सरळ आणि शेंकडों मैल लांब. त्यामुळें आरामखुर्चीवर रेलल्याप्रमाणें बसावें, हात रुंद धरावे आणि पाय पुढें सोडून द्यावे, अशी तिची बैठक. आपल्याकडे पुण्याच्या बजाज कारखान्यानें कावासाकी ह्या जपानी कारखान्याच्या सहकार्यानें २००१ सालीं ‘एलिमिनेटर’ आणि पुढें २००५ सालीं ‘अ‍ॅव्हेंजर’ काढली, आणि अशा बैठकीची हौस मध्यम स्थितींतल्या तरुणांच्या आटोक्यांत आली. माझी गाडी कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष गाडीचा नव्हताच. माझा पुतण्या सहा फूट उंच आहे आणि मी पांच फूट चार इंच. त्याच्या पायांना जी जागा सहज सांपडे, ती गांठण्यासाठीं मला आसनावर पुढें सरकून पाय ताणावे लागत.

पहिले कांहीं महिने मला ह्याचें कांहींच वाटलें नाहीं. उलट आळींतल्या मुलांनीं “काका, गाडी भारी दिसते” असें म्हटलें, कीं मी मनांतून फुगत असें. मग कंबर दुखूं लागली. त्याचें कारण आतां मला उमगलें आहे, तें सांगतों. कोणाच्या तरी उपयोगीं पडेल. बसलेल्या माणसाचे पाय गुडघ्यांखालीं असले, म्हणजे शरीराचा कांहीं भार मांड्या आणि पाय वाहतात. खड्डा किंवा गतिरोधक दिसतांच आपण नकळत पायांवर जोर देऊन आसनावरून जरासे उचलले जातों, आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. पाय पुढें ताणलेले असले, कीं तसें उचलतां येत नाहीं. सारा भार माकडहाडावर येतो, कंबरेचा स्वाभाविक बांक सपाट होतो, आणि प्रत्येक धक्का कण्यांतून थेट मानेपर्यंत जातो. त्यांतून वेग वाढला, तर समोरचा वारा छातीला मागें ढकलतो, आणि तो तोल हातांनीं हँडल ओढून सांवरावा लागतो. उंच माणसाचे पाय जागेवर पोंचूनही त्याचे गुडघे थोडे वांकलेले राहतात, म्हणून त्याला ही बैठक मानवते. त्यालाच पाय खालीं घेतलेल्या गाडीवर बसविलें, तर त्याचे गुडघे आखडतील. तात्पर्य, एकाचा आराम तो दुसऱ्याचा त्रास.

डॉक्टरांनीं एक्स-रे काढविला, हाडांत दोष नसल्याचें सांगितलें, आणि “आतां गाडी सोडा” असा सल्ला दिला. ऐकावयास तो सोपा होता. परंतु दर संकष्टीस सौ.ला घेऊन थेऊरच्या चिंतामणीस जाण्याचा आमचा बहुतां वर्षांचा नेम. थेऊर हें अष्टविनायकांपैकीं एक, आणि थोरले माधवराव पेशवे १७७२ सालीं जेथें निवर्तले तें क्षेत्र. आमच्या घरापासून तें जवळ आहे, पण चालत जाण्याइतकें जवळ नाहीं. मुलगी सासरीं, पुतण्या परदेशीं. गाडी सोडावयाची म्हणजे देवाला जाण्यासाठीं, औषध आणण्यासाठीं, पुण्यास ग्रंथालयांत जाण्यासाठीं दर वेळीं कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावयाचें. म्हातारपणांत मला भय वाटतें तें ह्या परावलंबनाचें. गाडी सोडवेना, आणि कंबर सोसेना, अशा स्थितींत उन्हाळा गेला.

तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली, कीं तिचा मुक्काम आमच्या गांवीं असतो. दुसऱ्या दिवशीं ती यवतेस जाते. त्या रात्रीं गांवांतील मंडळी वारकऱ्यांचे पाय चेपतात, त्यांना तेल लावतात. मीही एका वृद्ध वारकऱ्याच्या पायांना तेल लावीत बसलों होतों. त्याच्या कॅनव्हासच्या बुटाला करंगळीच्या बाजूनें भोक दिसलें. मीं विचारलें, “बूट फाटला वाटतें?” तो हंसून म्हणाला, “फाटला न्हाई, माउली, म्याच कापला. करंगळी घासत हुती. पंढरी लांब हाय, पायाचं ऐकाया पायजे.” मीं शेजारच्या वहाणांकडे पाहिलें. एकीचा अंगठा सैल केलेला, दुसरीला आंतून फडकें शिवलेलें. लांबच्या वाटेला निघालेलीं हीं साधीं माणसें. पण कोणीही वहाणेची भीड धरली नव्हती. घरीं आल्यावर अंगणांतल्या फटफटीकडे मीं जरा निराळ्या नजरेनें पाहिलें. वहाण कातरीनें कापतां येते, तर फटफटीलाही पाना लागत असेलच कीं!

तरी प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर झालें. महामार्गालगत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गॅरेज आहे. त्यानें दोन पोरांना गाडी उभी धरावयास सांगितली, मला वर बसविलें, आणि म्हणाला, “गुरुजी, डोळे मिटा. पाय वर घ्या, आणि आपसूक जिथं येतील तिथं सोडा.” गाडीला लागून धरलेल्या फळीवर त्यानें माझ्या पावलांच्या जागीं खडूनें खूण केली. ती खूण मूळच्या फूटरेस्टपासून चार बोटें मागें आणि दोन बोटें खालीं होती. तो म्हणाला, “मागं घेऊ. खाली नको. वळणावर गाडी कलली की जमिनीला घासंल.”

मग त्यानें मला ह्या विषयाचे पाठ दिले, आणि मीं आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें ते घेतले. शर्यतीच्या गाडींत पाय मागें आणि वर असतात, म्हणजे स्वार टांकीवर ओणवा होऊन वारा चुकवितो. नित्याच्या गाडींत ते कंबरेच्या जरा पुढें, जवळजवळ गुडघ्यांखालीं असतात. क्रूझरमध्यें ते गुडघ्यांच्याही पुढें. मात्र फूटरेस्ट एकटा हलवितां येत नाहीं. त्याच्या मागोमाग गिअर आणि ब्रेक आले पाहिजेत, नाहीं तर पाय टेकणार एकीकडे आणि त्याचें काम दुसरीकडे. गिअरचा दांडा एका लांब सळईनें यंत्राच्या दांतेरी शाफ्टवरच्या लहान तुकड्याला जोडलेला असतो. ती सळई आखूड करावी लागते, आणि करतांना सळई व तुकडा ह्यांमध्यें काटकोन राखावा लागतो. तो बिघडला तर गिअर जड पडतो किंवा अर्धवट बसतो. मूळच्या दांड्याला टांचेनें दाबावयाचा मागचा भागही होता. नव्या जागीं तो फूटरेस्टला अडूं लागला, म्हणून काढून टाकावा लागला. त्यामुळें गिअर चढवितांना दांडा पायाच्या चवड्यानें वर उचलावा लागतो, आणि चपला घालून गाडी चालविण्याची माझी संवय सुटून पायांत बूट आले.

ब्रेकच्या वेळीं मीं शहाणपण दाखविलें. “पेडल तेवढें आखूड कर, म्हणजे काम भागेल,” मीं म्हटलें. तो पाना थांबवून म्हणाला, “गुरुजी, तरफ तुम्हीच शिकवली होती ना?” मी ओशाळलों. समजा, टेकूपासून पेडल सात इंच आणि ब्रेकची सळई दोन इंच अंतरावर आहे. तर पायाचा दहा किलोंचा जोर सळईवर पस्तीस किलोंचा होतो. पेडल पांच इंचांचें केलें, तर तोच जोर पंचवीसांवर येतो. म्हणजे आरामासाठीं आपण आपला ब्रेक दुबळा करून घेणार! म्हणून पेडल तेवढ्याच लांबीचें ठेवून त्याचा टेकूच मागें घ्यावा लागला, आणि मागच्या चाकाकडे जाणारी सळई तेवढी आखूड करावी लागली. त्यासाठीं लागणारी लोखंडी पट्टी त्यानें पुण्याच्या नाना पेठेंतून तयार आणली आणि सांगाड्याच्या मूळच्या भोकांतच बोल्टानें आवळली. सांगाड्याला वेल्डिंग करण्यास त्यानें साफ नकार दिला; ऐन भार सोसणाऱ्या नळीला ताव दिला, कीं ती तेथेंच कच्ची होते. मलाही कायद्याची चिंता होतीच. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. आम्हीं इंजिनाला, सांगाड्याला किंवा धुराड्याला हात लावला नाहीं, आणि काढलेले सर्व मूळचे भाग चिठ्ठी बांधून पिशवींत ठेवले.

शेवटीं त्यानें ब्रेकच्या पेडलाला सुमारें एक इंचाची मोकळी हालचाल राखली. ती मुळींच नसेल तर ब्रेक सतत घासून तापतो, आणि फार असेल तर ऐन वेळीं उशिरां लागतो. पेडलाबरोबर मागचा तांबडा दिवा लावणारें बटणही त्यानें नव्यानें जुळविलें. हें पुष्कळजण विसरतात, आणि मग मागच्या वाहनाला आपण थांबत असल्याचें कळत नाहीं. “शंभर किलोमीटर झाले की या, नट परत आवळू,” असें बजावून त्यानें मला निरोप दिला.

त्या दिवशीं मी गांवांतले पांचही गतिरोधक पायांवर उचलून ओलांडले, आणि कंबरेनें तक्रार केली नाहीं. पंधरा दिवसांत कळ पुष्कळ उतरली. एक गैरसोय मात्र झाली, ती लपवीत नाहीं. चौकांत थांबून पाय खालीं टेकले, कीं फूटरेस्ट नेमका नडगीला लागतो.

परंतु ह्या आनंदांत मी एक गोष्ट विसरलों. काम होऊन चारच दिवस झाले होते आणि कार्तिकांतली संकष्टी आली. मी सौ.ला मागें बसवून थेऊरास निघालों. थेऊर फाट्याच्या अलीकडे उंसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर पुढें एकाएकीं थांबला. मीं ब्रेकवर पाय मारला. पण पाय गेला तो जुन्या जागीं, चार बोटें पुढें. चवडा पेडलाच्या पलीकडे हवेंत, आणि बुटाचा मधला भाग पेडलावर आडवा, जोर लागेना. हातानें पुढचा ब्रेक करकचून आवळला म्हणून वांचलों. गाडी थांबली, तेव्हां उंसाचें एक वाढें माझ्या छातीला टेकलेलें होतें, आणि सौ.चीं बोटें माझ्या खांद्यांत रुतलीं होतीं.

ती वाटेंत कांहीं बोलली नाहीं. दर्शन झाल्यावर देवळाच्या ओवरींत बसली आणि शांतपणें म्हणाली, “अहो, पाय तुमचे, गाडी तुमची. पण मागें मी बसलेली असतें. तुमच्या पायांना नव्या घराचा पत्ता कळेपर्यंत मी रिक्षानें येत जाईन.”

मला उत्तर सुचलें नाहीं. तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आपल्या शास्त्रकारांनीं पायांची गणना कर्मेंद्रियांत केली आहे, ज्ञानेंद्रियांत नाहीं. संकटाच्या क्षणीं पाय विचारून कांहीं करीत नाहीं. तो संवयीनें धांवतो. माझ्या थोरल्या बंधूंच्या तरुणपणीं जुन्या धाटणीच्या बुलेटचा गिअर उजव्या पायीं आणि ब्रेक डाव्या पायीं असे. ती इंग्रजी पद्धत होती. अमेरिकेनें १९७० च्या दशकांत गिअर डाव्या आणि ब्रेक उजव्या पायीं असावा असा नियम केला, आणि हळूहळू सर्वत्र तसेंच झालें. बंधूंनीं उतारवयांत नव्या धाटणीची गाडी घेतली, तेव्हां कित्येक महिने ते थांबण्यासाठीं गिअरच दाबीत. आम्ही त्यांना हंसत असूं. आतां माझी पाळी होती, आणि हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. कंबरेसाठीं मीं लोखंड हलविलें, पण पायाला नवी जागा शिकविल्यावांचून पत्नीचा जीव त्याच्या हवालीं केला, ही चूक माझी होती.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे रामदऱ्याच्या रस्त्यावर मीं अभ्यास आरंभिला. तो रस्ता त्या वेळीं निवांत असतो. कडेला एक दगड ठेवावयाचा, दुरून यावयाचें आणि पेडलाकडे न पाहतां दगडापाशीं थांबावयाचें. रोज वीस वेळां. प्रथम हळू, मग जरा वेगानें. शाळेंत मुलांकडून पाढे म्हणवून घेतांना ज्या चिकाटीचा मीं उपदेश केला, तिची परीक्षा मला स्वतःलाच द्यावी लागली. पहिल्या आठवड्यांत पाय सात-आठ वेळां तरी चुके. तिसऱ्या आठवड्यांत तो चुकेनासा झाला. एके पहाटे मी निघालों तों सौ. शालीचें टोंक खोंचून अंगणांत उभी. कांहीं न बोलतां ती मागें बसली. त्या दिवशीं दगडापाशीं वीसही वेळां आम्ही दोघें मिळून थांबलों. मार्गशीर्षाच्या संकष्टीस रिक्षा सांगितली नाहीं.

ह्या पहाटेच्या फेऱ्यांत मला पाठशाळेंत ऐकलेली एक व्युत्पत्ति वारंवार आठवे. सुख हा शब्द सु आणि ख ह्यांपासून झाला, असें कित्येक कोशकार मानतात. ख म्हणजे पोकळी. येथें चाकाच्या तुंब्यांतलें तें भोक, ज्यांत आंस बसतो. ऋग्वेदांत सुख हें रथाचें विशेषण म्हणून येतें. सुख रथ म्हणजे सुरळीत धांवणारा रथ. भोक आंसाला घट्ट झालें तर चाक तापतें, सैल झालें तर डुगडुगतें. आंसाच्या बरोबर मापाचें झालें, म्हणजे चाक आहे ह्याची आठवणही राहत नाहीं. विद्यार्थिदशेंत ही व्युत्पत्ति मीं परीक्षेसाठीं पाठ केली होती. तिचा अर्थ कळावयास साठ वर्षें आणि एक फटफटी लागली. सुखाला मीं आजवर मऊपणा समजत आलों होतों, आणि म्हणून त्याच्याकडे जरा तुच्छतेनेंच पाहत होतों. कंबर दुखत असतांही वर्षभर सोसली, त्यांत ह्या तुच्छतेचा वांटा मोठा होता. वस्तुतः सुख म्हणजे माप जुळणें. आणि माप जुळल्यावांचून गाडी सुरक्षितही चालत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. शंभर किलोमीटर झाल्यावर नट आवळण्यासाठीं मी गॅरेजांत गेलों होतों. तो खालीं वांकून काम करीत होता. चांगला उंचापुरा गडी आहे. एकाएकीं हंसून म्हणाला, “गुरुजी, आठवतं का? मी शेवटच्या बाकावर पाय बाहेर काढून बसायचो, आणि तुम्ही ‘पाय आंत’ म्हणून ओरडायचा.” त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. मला तें वाक्य आठवलें. तो आठवला नाहीं, कारण तें वाक्य मीं किती मुलांना म्हटलें असेल ह्याची गणतीच नाहीं. आमच्या शाळेंतील सर्व बाकें एका मापाचीं. उंच मुलाचे गुडघे फळीला लागत, म्हणून तो पाय बाहेर काढी. ठेंगण्या मुलाचे पाय लोंबकळत, म्हणून तो ते हालवी. एकाला मीं बेशिस्त म्हटलें, दुसऱ्याला चंचळ. बाकाला पाना लागतो किंवा पायांखालीं वीट ठेवतां येते, हें सदतीस वर्षांत एकदांही माझ्या मनांत आलें नाहीं.

आतां सायंकाळीं आळींतलीं चार मुलें माझ्याकडे संस्कृत शिकण्यासाठीं येतात. सर्वांत लहान मुलीच्या पायांखालीं मीं दोन विटा ठेवल्या आहेत. सर्वांत उंच मुलगा भिंतीशीं पाय लांब करून बसतो, आणि तसाच रूपें म्हणतो. मी त्याला कांहीं म्हणत नाहीं.